'फडके, १९८२'

विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आरईबीटी, शिकवणारी इंग्रजी पुस्तकं चाळताना मध्येच कंसात एक मराठी आडनाव भेटतं : फडके, १९८२. हे आपले मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी ही पद्धत १९५५ मध्ये मांडली. फडक्यांनी १९६८ च्या सुमारास त्यांना पत्रं लिहायला घेतली आणि हा पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. ना ईमेल, ना झूम; पोस्टमनच्या भरवशावर गुरू-शिष्य सिद्धान्तावर वाद घालत होते! पुढे फडके एलिस यांच्या संस्थेचे पहिले भारतीय फेलो झाले, आणि मुंबईत त्यांनी ही पद्धत कितीतरी जणांना शिकवली.

एलिस यांचं म्हणणं असं, की घटना ('ए') आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही. मधली समजूत ('बी') त्रासाला ('सी') जन्म देते. मग त्या समजुतीशी वाद घालायचा, तो 'डी'. पण वाद घाला म्हणजे नेमकं काय करा? फडक्यांनी त्या 'डी'च्या तीन पायऱ्या केल्या : अविवेकी समजूत हुडकायची, ती विवेकी समजुतीपासून वेगळी काढायची, आणि मग तिची उलटतपासणी घ्यायची. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव येतं ते यासाठी.

पहिली पायरीच सगळ्यात अवघड, कारण आपली समजूत आपल्याला सत्यच वाटते. गटोपचाराची गंमत इथे कळते. समजा, मुलुंडचे एक काका गटात म्हणाले, "मुलानं माझं ऐकलंच पाहिजे." त्यांना यात काही वावगं दिसत नाही. समोरच्या ताईंना मात्र ते चटकन खटकतं, आणि त्यांचं स्वतःचं "सासूबाईंनी मला नावं ठेवताच कामा नयेत" काकांना! शिकलेला तज्ज्ञ एकच, पण चुका पकडणारे आठ-दहा. दुसऱ्याशी वाद घालता घालता स्वतःशी घालायचा सराव होतो, तो वेगळाच. एलिस तर शुक्रवारी संध्याकाळी श्रोत्यांतल्याच कुणाला तरी मंचावर बोलावून सगळ्यांदेखत समुपदेशन करायचे. आपल्याकडे 'घरातलं घरात' म्हणणाऱ्यांना घामच फुटेल.

शिवाय गृहपाठ. लोकलज्जेवर एलिस यांचा एक अफलातून उपाय होता : भुयारी रेल्वेत मोठ्यानं स्टेशनांची नावं पुकारायची. कल्पना करा, बोरिवली स्लोमध्ये एखादा बुजरा माणूस ओरडतोय, "विलेपार्ले! अंधेरी! जोगेश्वरी!" जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटतंय. पुढच्या बैठकीत गट विचारणार, "मग? लोक काय म्हणाले?"

"दोघं हसले. एका आजींनी विचारलं, राम मंदिरला थांबते ना रे ही?"