गणवेश उतरवल्यावरची शुश्रूषा

अमेरिकेच्या आरोग्यसेवेचा इतिहास चाळताना 1965 या सालापाशी थांबावंच लागतं. त्या वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड यांनी बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांच्या साथीने ‘नर्स प्रॅक्टिशनर’, म्हणजे रुग्ण तपासून उपचारांचे निर्णय घेणाऱ्या परिचारिका, घडवणारा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून बाहेर पडलेल्या चार वैद्यकीय सहायकांना ‘फिजिशियन असिस्टंट’, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारे सहायक, म्हणून शिकवायला घेतलं. दोन्ही वाटांच्या मागे लष्करात सेवा केलेली माणसं होती.

फोर्ड दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात परिचारिका होत्या. पुढे कोलोरॅडोच्या ग्रामीण भागात, जिथे डॉक्टर क्वचितच पोचत, तिथे त्यांनी मुलांची तपासणी केंद्रं चालवली. मुलाला तपासून निर्णय घेणं हे काम परिचारिका करतच होत्या, त्याला शिक्षणाची जोड आणि अधिकृत मान्यता मात्र नव्हती. फोर्ड यांनी ती मिळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कडवा विरोध झाला तो परिचर्या शिकवणाऱ्यांकडूनच! आज त्या देशात तीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर आहेत.

नौदलातल्या सहायकांची कथा वेगळी. जहाजावर, रणांगणावर ज्यांनी जखमींना सांभाळलं, त्यांच्या त्या अनुभवाला घरी परतल्यावर कागदोपत्री काहीच किंमत नव्हती. स्टेड यांनी आधी थेल्मा इंगल्स यांच्याबरोबर परिचारिकांसाठीच प्रगत अभ्यासक्रम आखला होता. त्याला मान्यता नाकारली गेली, म्हणून ते या माजी सैनिकांकडे वळले. पुरुषांसाठी परिचर्येचं दार उघडणंही अवघडच होतं. लष्कराच्या परिचर्या दलात पहिला पुरुष अधिकारी, एडवर्ड लायन, घेतला गेला तो 1955 मध्ये.

या सगळ्यांत सर्वांत दूरचा पल्ला गाठला तो हॅरिएट वर्ली यांनी, आणि त्यांचंच नाव सर्वांत कमी घेतलं जातं, याची खंत वाटते. महायुद्धात लष्करी परिचारिका असलेल्या वर्ली 1950च्या दशकात वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत परिचर्या-संशोधनाचा विभाग उभा करत होत्या. परिचारिकेने डॉक्टरांच्या संशोधनाला हातभार लावावा एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. परिचर्या हाच अभ्यासविषय व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. 1964 मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. डॉक्टरेट मिळवून त्यांनी वेन स्टेट विद्यापीठातलं आरोग्य संशोधन केंद्र सांभाळलं आणि 1978 मध्ये ‘रिसर्च इन नर्सिंग अँड हेल्थ’ हे नियतकालिक सुरू केलं.

1985 मध्ये मिलवॉकीत नॉर्मा लँग यांच्यासह त्यांनी तज्ज्ञांची परिषद बोलावली. प्रत्येक रुग्णाबाबत नोंदवायच्या 16 बाबी तिथे ठरल्या. त्यांतल्या चार थेट परिचारिकेच्या कामाच्या होत्या: तिचं निदान, तिने केलेले उपाय, त्यांचा परिणाम आणि रुग्णाला किती परिचर्या लागली. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या डिस्चार्ज नोंदींत तोवर यांतल्या एकीलाही रकाना नव्हता.