एकच गोणी, दोन राज्यं

हैदराबादच्या जामबागेतली विवेकवर्धिनी शाळा 1907 साली सुरू झाली, तेव्हा मराठवाडाही याच निजामी राज्यात होता. आज मराठवाड्यातलं देगलूर महाराष्ट्रात, शेजारचं मद्नूर तेलंगणात. डीएपी खताची 50 किलोची गोणी दोन्हीकडे 1350 रुपयांना, युरियाची 45 किलोची 266.50 ला. शेतमालाचं मात्र तसं नाही. 2024 च्या खरिपात तेलंगणानं बारीक धानाला हमीभावावर क्विंटलमागे 500 रुपये बोनस दिला. त्याच हंगामात मराठवाड्यात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये असूनही बाजारभाव त्याखालीच राहिला. खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट 12 टक्के होती; ती 15 वर नेली नोव्हेंबरात. तोवर उधारी फेडायला अनेकांनी सोयाबीन पडत्या भावात विकलं होतं. ही दिरंगाई म्हणजे अन्यायच.