‘आज शाळेत काय शिकवलं?’ ‘काही नाही!’

दुपारी साडेतीनला शाळेच्या फाटकाशी उभं राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीला हा संवाद पाठ असेल.

“आज शाळेत काय शिकवलं गं?”

“नथिंग.”

“मग दिवसभर केलंस काय?”

“खेळले.”

बरं, दप्तर उघडून पाहावं तर त्यात गोष्टीचं एक पातळसं पुस्तक, पाण्याची बाटली आणि अर्धवट खाल्लेलं सफरचंद. आपल्या वेळी जूनमध्ये बालभारतीची कोरी पुस्तकं यायची, त्यांना खाकी कव्हरं घालायची, आणि वडिलांनी पुस्तक उघडलं की पोरगं कुठल्या धड्यापर्यंत आलंय ते त्यांना कळायचं. इथे इंग्लंडमध्ये सरकारनं ठरवून दिलेलं क्रमिक पुस्तकच नाही. वह्याही शाळेतच राहतात. त्यामुळे आपल्याला वाटतं, फी नाही म्हणून शिकवणंही नाही! निदान मला तरी तसं वाटलं होतं, आणि त्यातून जे झालं ते सांगावं म्हणून हा लेख. धाकट्या मुलांच्या आयांना आणि बाबांना उपयोग होईल.

आमची लेक यंदा इयर टूमध्ये आहे. म्हणजे सप्टेंबरात शाळा सुरू झाली तेव्हा सहा पूर्ण, सातवं चालू. ‘शाळेत काही शिकवत नाहीत’ असं ठरवून मी दर शनिवारी सकाळी तिला गणित शिकवायला बसवू लागले. उभी मांडणी, एककाखाली एकक, दशकाखाली दशक, आणि हातचा. मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अशीच शिकले आणि माझं काही बिघडलं नाही, हा माझा मुद्दा. शनिवारी थोडी रडारड व्हायची. पण रडल्याशिवाय कोण शिकलंय, असं मी ह्यांना सांगायची.

नोव्हेंबरात पालकभेट झाली. दहा मिनिटांची भेट असते, आपल्याला माहीतच आहे. बाई म्हणाल्या, मुलगी गोड आहे, वाचते छान, पण गणिताच्या तासाला हल्ली रोज पोटात दुखतं म्हणून सांगते. मग त्यांनी वही दाखवली. २७ अधिक १५. उत्तर लिहिलं होतं ३१२.

बाईंना कोडं पडलं होतं, पण मला बघताक्षणी कळलं. ७ आणि ५ बारा, २ आणि १ तीन, दोन्ही शेजारी शेजारी लिहून मोकळी! ती अर्धी माझी पद्धत होती आणि अर्धी बाईंची. घरी येऊन तिला जवळ घेऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तू म्हणतेस ते मिसला चालत नाही, आणि मिस म्हणते ते तुला चालत नाही.” सहा वर्षांचं पोर दोन घोड्यांवर बसवलं होतं आम्ही, आणि त्यातल्या एका घोड्यावर बसवणारी मी.

त्या रात्री ह्यांनी नॅशनल करिक्युलम काढून दिलं. सरकारी कागद आहे, कुणालाही फुकट वाचता येतो. सध्या चालू असलेला २०१४ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. (हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्समधल्या मंडळींचा अभ्यासक्रम निराळा.) त्यात प्रत्येक वर्षाचं गणित वेगळं लिहिलेलं आहे. इयर वनमध्ये शंभरापर्यंत मोजणं, उलटंसुद्धा, आणि वीसपर्यंतच्या जोड्या, म्हणजे ७ ला वीस करायला किती हवेत, हे बोटं न मोजता यायला हवं. इयर टूमध्ये दोन आकडी बेरीज-वजाबाकी, पण वस्तू मांडून, चित्र काढून आणि मनात. उभी मांडणी आणि हातचा सक्तीचा होतो तो थेट इयर थ्रीमध्ये. माझी घाई एक वर्षाची होती.

शाळेत २७ कसे काढतात ते लेकीनं मला दाखवलं. दशकाची एक उभी काडी, एककाचा एक ठिपका. २७ म्हणजे दोन काड्या, सात ठिपके. १५ म्हणजे एक काडी, पाच ठिपके. ठिपके बारा झाले की त्यातल्या दहांची एक काडी बांधायची. झाल्या चार काड्या, दोन ठिपके. हातचा म्हणजे हीच बांधलेली काडी, हे मला चाळिशी गाठताना कळलं! मी हातचा आयुष्यभर डोक्यावर लिहीत आले, तो डोक्यावर का लिहायचा हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

आपल्या मराठी आकड्यांची इथे जरा अडचण होते, हेही खरं. इंग्रजीत ट्वेंटी-सेव्हन म्हणताना वीस आधी ऐकू येतात, सात मागून. आपल्या सत्तावीसमध्ये सात आधी, वीस मागून. एकोणतीस तर विचारूच नका, त्यात कानाला तीसच ऐकू येतात. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मीही तेव्हा फोनवर बहिणीशी तावातावानं बोलले होते. आता घरी आम्ही दोन्ही म्हणतो. आधी वीस आणि सात, मग सत्तावीस. पाढे मात्र मी सोडले नाहीत. इयर टूला २, ५ आणि १० चे पुरतात, आणि ‘बे पंचे दहा’ला जो ठेका आहे तो इंग्रजीत कुठून आणणार? बाराच्या पाढ्यापर्यंत जायचंय ते इयर फोरमध्ये. तिथे २०२२ पासून सर्व सरकारी शाळांत संगणकावर परीक्षा असते, २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. आकडाच टाइप करायचा असतो, मनात कुठल्या भाषेत म्हटलं ते कोण विचारतंय!

आता वाचनाचं. इयर वनच्या पालकांनी हा भाग नीट वाचावा. सुरुवातीला घरी येणाऱ्या एखाद्या पुस्तकात अक्षरच नसतं, नुसती चित्रं. ह्यांना वाटलं चुकून कोरं पुस्तक छापलंय. मग येतात ध्वनी. ए, बी, सी ही अक्षरांची नावं शाळा आधी शिकवत नाही, त्यांचे उच्चार शिकवते. आपल्याला हे सोपं जायला हवं, कारण आपली लिपी उच्चाराचीच. पण आपला ‘क’ म्हणजे क् अधिक अ. आपण घरी ‘क-ॲ-ट’ म्हणतो तेव्हा मुलाला ‘कअ ॲ टअ’ ऐकू येतं, आणि त्याचं ‘कॅट’ काही केल्या होत नाही. शाळेला हवा तो पाय मोडका क्. क्, ॲ, ट्. पटकन म्हणा, झालं कॅट. गंमत बघा, हा पाय मोडायचा नियम आपल्याला लहानपणापासून ठाऊक, आणि तो लेकीला सांगायचं मला सुचलं नाही.

दुसरा खड्डा म्हणजे आपला ‘व’. इंग्रजीत दोन, आपल्याकडे एक. लेक ‘व्हॅन’ लिहिताना डब्ल्यू काढायची, कारण आम्ही दोघं घरात तसंच बोलतो. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून तो उच्चार आम्हीच आधी आरशासमोर केला.

इयर वनच्या शेवटी, जूनमध्ये, चाळीस शब्दांची तपासणी असते. त्यातले वीस शब्द खरे, वीस बनावट. बनावट शब्दाशेजारी परग्रहावरच्या प्राण्यासारखं काहीतरी चित्र असतं. ‘खोटे शब्द कशाला शिकवता?’ असं काहींनी आमच्या शाळेत जाऊन विचारलं. तर शिकवत नाहीत, तपासतात. शब्द पाठ आहे म्हणून वाचला की ध्वनी जोडून वाचला, हे ओळखीच्या शब्दावरून कळायचं कसं? तेव्हा सुट्टीत बनावट शब्दांच्या याद्या घोकून घेऊ नका. एकदा नाही जमलं तर इयर टूमध्ये पुन्हा संधी मिळते.

स्पेलिंगचं मात्र माझं शाळेशी अजून पटलेलं नाही. ‘सेड’ हा शब्द लेकीनं एस-ई-डी असा लिहिला आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली. आधी ऐकू येईल तसं लिहू दे, मग सुधारू, असं त्यांचं म्हणणं. असेल. मी गप्प बसते, पण पेन्सिल हातात शिवशिवते.

इतिहास-भूगोलाची टर्म सगळ्यांत मजेची गेली. या टर्मचा विषय होता लंडनची मोठी आग. २ सप्टेंबर १६६६, पुडिंग लेनमधल्या बेकरीत पेटली, चार दिवस जळत राहिली, तेरा हजारांहून जास्त घरं गेली. लेक ही सनावळी जेवताना सांगत होती. ह्यांनी घास तसाच ठेवला. “सोळाशे सहासष्ट? अगं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले!” लंडन जळत होतं तेव्हा महाराज आग्र्याच्या कैदेतून बाहेर पडून जेमतेम काही आठवडे झाले होते. इतकी वर्षं दोन्ही सनं माहीत असून ती शेजारी ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लेकीनं वर्गात पेटाऱ्यांची गोष्ट सांगितली. बाईंनी वर्गातल्या काळरेषेवर, आगीच्या चित्राच्या जरा आधी, तिला पेटारा काढू दिला. त्या दिवशी मी न विचारता मला सगळं कळलं!

अशा जागा अभ्यासक्रमात बऱ्याच आहेत. इयर वन-टूमध्ये ‘आठवणीतला बदलता काळ’ शिकवतात. मागच्या वर्षी सासरे सहा महिने आले होते, त्यांना शाळेनं बोलावलं. त्यांनी हॉलमध्ये भोवरा फिरवून हातावर घेतला. इंग्रजी चार वाक्यंच बोलले असतील, पण नंतर आठवडाभर पोरं त्यांना रस्त्यात ओळखत होती. भूगोलात युनायटेड किंगडममधलं एक गाव आणि युरोपबाहेरचं एक गाव यांची तुलना असते. गाव कुठलं ते शाळा ठरवते. आपण आधी सांगितलं, फोटो नेले, तर तिथे आपलं वाई किंवा चिपळूणही जाऊ शकतं.

विज्ञान म्हणजे बिया, ऋतू, कुठली वस्तू कशाची. त्याला स्वयंपाकघर पुरतं. मटकीला मोड आणणारी आई अर्धा धडा घरीच देते.

हे सगळं टर्मच्या सुरुवातीला शाळेनं एका कागदावर छापून दिलं होतं. प्रत्येक विषयात काय होणार, सगळं. पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर मी तो रद्दीत टाकला होता. जानेवारीचा कागद मात्र फ्रिजवर लावलाय. आता फाटकाशी मी ‘काय शिकवलं’ विचारत नाही. ‘आज काड्या बांधल्यास का?’ असं विचारते, आणि मग ती घरी येईपर्यंत बोलत असते.

पोटात दुखणं थांबायला नाताळ उजाडला. शनिवारचे वर्ग बंद. त्याऐवजी मी राजमा निवडायला घेते आणि ती दहा-दहाचे ढीग करते. परवा ढीग करता करता म्हणाली, “आई, तो हातचा तू मला कधी शिकवणार?”

म्हटलं, “पुढच्या वर्षी. तुझी मिस ज्या दिवशी शिकवेल ना, त्या दिवशी संध्याकाळी तू मला शिकव.”