श्रेबर-बागांचा कर्ता कोण ?

जर्मनींत शहरवासीयांस खंडानें मिळणाऱ्या लहान बागांस ‘श्रेबर-बागा’ म्हणतात. नांवावरून डॉ. मोरिट्झ श्रेबर हाच त्यांचा जनक, असा समज रूढ आहे. पोथीच्या वेष्टनावरील नांव तेंच ग्रंथकर्त्याचें मानण्यासारखाच हा प्रकार होय.

श्रेबर हा लाइपझिगचा वैद्य. मुलांच्या शरीरशिक्षणावर त्यानें पुष्कळ लिहिलें. परंतु बागेचा एकही तुकडा आंखला नाहीं. १८६१ त तो वारला. पुढें १८६४ त मुख्याध्यापक हाउशिल्ड यानें पालकांचें मंडळ स्थापिलें व त्यास दिवंगत श्रेबराचें नांव दिलें. छापखान्यांनीं व कारखान्यांनीं गजबजत चाललेल्या त्या शहरांत मंडळानें १८६५ त मुलांसाठीं क्रीडांगण केलें. बाग तेव्हांही नव्हती.

क्रीडांगणाच्या कडेस मुलांकरितां वाफे घातले ते गेझेल नामक पेन्शनर शिक्षकानें. मुलांचा उत्साह लवकरच ओसरला (प्रस्तुत लेखकाचा जन्म शाळेंतच गेल्यामुळें त्यास याचें नवल वाटत नाहीं), तण माजलें, आणि वाफे आईबापांनीं हातीं घेतले. कुंपणें पडलीं, व वाफ्यांच्या कौटुंबिक बागा झाल्या. गरिबांस लागवडीपुरती जमीन देण्याची रीत जर्मनींत त्यापूर्वींचीच. पण हें नांव चिकटलें तें येथें.

१९१९ च्या कायद्यानें अशा बागाइतदारांस मनमानी खंडवाढीपासून संरक्षण मिळालें. १९८३ च्या कायद्यानें बागेची कमाल मर्यादा ४०० चौरस मीटर ठरली. लाइपझिग येथें त्याच मंडळाच्या जुन्या वास्तूंत या बागांचें संग्रहालय आहे. लोकांच्या तोंडीं नांव मात्र अद्याप श्रेबराचेंच आहे.