फर्माईश

पुण्याचं आर्यभूषण थिएटर, चौफुला, मोडनिंब, जामखेड ही संगीत बारीची नावाजलेली ठिकाणं. ढोलकीफडाच्या तमाशात गण, गवळण, वग असा सगळा थाट. बारीत मात्र फक्त गाणं आणि नाच. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि आळीपाळीने रंगमंचावर येतात. पार्टीची मालकीण बहुधा नाचणाऱ्यांच्याच घराण्यातली बाई. साथीला पेटी, तबला, ढोलकी. शिवाय खोलीतली खासगी बैठक वेगळी.

बैठकीत बसून गायची लावणी वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी (१९१५-२०१८) थेट ठुमरीच्या शेजारी नेऊन बसवली. ओळ एकच, पण दर वेळी नजर निराळी, हात निराळा. आधी लाडीगोडी, मग रुसवा, मग टोमणा. ती ओळ कितीदा घोळवायची, हे समोरचा रसिक पाहून ठरायचं.

सिनेमाला एवढी सवड कुठली? तीन-साडेतीन मिनिटांत तबकडीची एक बाजू संपायची. संगीतकार वसंत पवारांनी १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’त आणि राम कदमांनी १९७२ च्या ‘पिंजरा’त लावणी या मापात बसवली, आणि काय झोकात बसवली! ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. सुलोचना चव्हाण तर डोक्यावर पदर घेऊन, न नाचता लावणी गायच्या. तमाशाच्या कनातीकडे न फिरकणाऱ्या घरांतही त्यांची लावणी रेडिओवरून पोचली.

मग बारीत फर्माईश येऊ लागली ती सिनेमातल्या लावणीची. बारीतून उचललेला माल असा कापून-शिवून बारीतच परत आला. २०१० मध्ये ‘नटरंग’ आला आणि अजय-अतुलच्या लावण्यांची मागणी सुरू झाली. पैसे उधळून दौलतजादा करणारा मागेल ते गाणं वाजणार. त्यात बायांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

सिनेमाने लावणी बिघडवली, हे मला पटत नाही. घाव बसला तो ध्वनिमुद्रित ट्रॅकवर नाचण्याने. ढोलकीवाला समोर असला की नाचणारी थबकली तर तोही थबकतो, तिने पाय वाढवला की तुकडा वाढवतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. मधेच ‘पुन्हा एकदा!’ अशी दाद आली, तरी ती ओळ पुन्हा घ्यायची सोय उरत नाही. जुनी बैठकीची लावणी येणाऱ्या बाया अजून आहेत. पण जिच्यावर पैसा पडत नाही, ती लावणी पोरींनी शिकायची कशासाठी?