आभाळाचा पीळ मोजणारी जाळी

बीड आणि खोडद जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. बीड 19 अंशांच्या किंचित खाली, जुन्नर तालुक्यातलं खोडद किंचित वर. मध्ये सरळ रेषेत सुमारे एकशेऐंशी किलोमीटर. रात्री बीडच्या बिंदुसरा नदीच्या काठावर जो तारा आपल्या माथ्याजवळून जातो, तो साधारण सात मिनिटांनी खोडदच्या माळावर तसाच माथ्याजवळ पोचतो. आभाळ एकच, तिथे फक्त उशिरा येतं.

आपल्या बीड जिल्ह्यातून दिवाळीनंतर टोळ्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या उसाकडे निघतात. काही जुन्नर-नारायणगावच्या पट्ट्यातही जातात. खोडदकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका फडात मोळ्या बांधणाऱ्या मावशी भेटल्या. बोलीवरूनच गाव कळलं. शेताच्या पलीकडे पांढऱ्या तबकड्या उभ्या होत्या. मावशी म्हणाल्या, "ह्या छत्र्या कशाच्या हैत रं बाबा? दिसभर इकडं बघतेत, सांजच्याला तोंड फिरवून तिकडं बघतेत." मी म्हणालो, "मावशी, आभाळातून रेडिओच्या लाटा येतात, त्या ऐकायच्या आहेत." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कोयता उचलला. एवढ्याशा उत्तराने माझंही समाधान झालं नाही. त्या लाटांमधली एक बाब फार नाजूक आहे आणि ती सांगायला मला तेव्हा शब्द सापडले नव्हते.

खोडदच्या दुर्बिणीला सगळे जीएमआरटी म्हणतात. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यातल्या 14 साधारण एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या माळावर जवळजवळ, उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर पांगलेल्या. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांमध्ये 25 किलोमीटरचं अंतर. मधल्या शेतांत कांदा, टोमॅटो, ऊस. 30 तबकड्यांचे संकेत प्रकाशतंतूंमधून एका ठिकाणी आणून जोडीजोडीने ताडून पाहतात आणि त्यातून आभाळाचं चित्र उभं राहतं.

तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं की पहिला धक्का बसतो तो आरपार दिसणाऱ्या आभाळाचा. पत्रा कुठेच नाही. नळ्यांच्या 16 कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले पोलादी दोर, आणि त्या दोरांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी. जाळीचा डोळा आतल्या बाजूला एक सेंटीमीटरचा, कडेला दोन सेंटीमीटरचा. आपल्याकडे बाज विणतात ना, चौकटीला सुतळी ताणून, तीच ही रीत. फक्त इथे चौकटीला खोलगट घडण दिली आहे. रेडिओलाट दोन मीटर लांबीची असेल तर एक-दोन सेंटीमीटरचं भोक तिच्या खिजगणतीतही नसतं, ती जाळीला भिंत समजून परतते. वाऱ्याला मात्र वाट मिळते. म्हणून बांधकाम हलकं झालं आणि खर्च आवाक्यात आला.

ही युक्ती गोविंद स्वरूप यांची. ते मूळचे उत्तर प्रदेशातले, पण त्यांच्या कामाची मुळं महाराष्ट्रात रुजली. परदेशात असलेल्या चार भारतीय शास्त्रज्ञांनी 1961 मध्ये भारतात रेडिओ खगोलशास्त्र सुरू करण्याची तयारी कळवली. होमी भाभांनी तारेने होकार दिला. स्वरूप त्या चौघांतले एक. 1963 मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या सहा-सहा फुटांच्या 32 तबकड्या कल्याणजवळ उभारून त्यांनी 1965 मध्ये सूर्याची निरीक्षणं सुरू केली. मग 1970 मध्ये उटीची 530 मीटर लांबीची दुर्बीण, आणि नंतर खोडद. 2001 मध्ये जीएमआरटी जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुली झाली. 2020 च्या सप्टेंबरमध्ये स्वरूप पुण्यात गेले.

आता त्या नाजूक बाबीकडे येतो.

बैलाचा कासरा खुंटीला बांधा आणि दुसरं टोक हातात धरून हलवा. वरखाली हलवलं तर लाट उभी जाते, डावी-उजवीकडे हलवलं तर आडवी. रेडिओलाटेलाही अशी हेलकाव्याची दिशा असते. बहुतेक स्रोतांतून उभ्या, आडव्या, तिरक्या सगळ्या लाटा सरमिसळ येतात. पण चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांकडून निघालेल्या लाटांत एका दिशेचा वरचष्मा राहतो. याला ध्रुवण म्हणतात. आदर्श परिस्थितीत ते सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे लाट नुसती शक्ती घेऊन येत नाही, जिथून निघाली तिथल्या चुंबकीय क्षेत्राची दिशाही घेऊन येते. आकाशगंगेतलं हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तुलनेत जवळपास लाखपटीने क्षीण आहे. तिथे होकायंत्र नेता येत नाही. ही तिरपी लाट हाच आपला होकायंत्राचा काटा.

वाटेत मात्र त्या काट्याला पीळ बसतो. मायकेल फॅरडे यांनी 1845 मध्ये काचेच्या तुकड्यावर दाखवलं की चुंबकीय क्षेत्रातून जाताना प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा फिरते. ताऱ्यांमधल्या विरळ वायूत मोकळे इलेक्ट्रॉन आहेत, क्षेत्रही आहे, म्हणून रेडिओलाटेचंही तेच होतं. किती फिरते हे तरंगलांबीच्या वर्गावर अवलंबून. पिळाचं माप एक एकक धरा. हायड्रोजनच्या 21 सेंटीमीटरच्या लाटेवर दिशा फक्त अडीच अंश वळते. तोच पीळ 150 मेगाहर्ट्झच्या दोन मीटर लांबीच्या लाटेवर 229 अंश फिरवतो, अर्ध्या फेऱ्याहून जास्त. कमी वारंवारतेचं, म्हणजे लांब लाटांचं, सगळं आकर्षण यातच आहे. आखूड लाटेला ज्या पिळाचा पत्ताही लागत नाही, तो लांब लाट ढळढळीत दाखवते. आणि पीळ मोजता आला की वाटेतले इलेक्ट्रॉन आणि क्षेत्र यांचा एकत्र हिशेब लागतो. क्षेत्र आपल्याकडे रोखलेलं आहे की दूर, हेसुद्धा.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. इथे उलटं होतं, पीळच सुंभाला खातो. समजा पिळाचं माप 50 आहे. 142 ते 158 मेगाहर्ट्झ एवढ्याशा पट्ट्यातच दिशा जवळपास सात फेरे घेते. हा पट्टा एकत्र मोजला तर उभी लाट आडवीला खोडते आणि हाती शून्य येतं. म्हणून पट्ट्याच्या शेकडो बारीक चिरफळ्या करतात. मग एकेक पीळ अंदाजाने धरायचा, प्रत्येक चिरफळी तितकी उलटी उकलायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. अंदाज चुकला तर बेरीज बुडते. बरोबर बसला की गढूळ पाण्यातून खडक वर यावा तसा संकेत उभा राहतो. ही कल्पना 1966 पासूनची, पण बाराही महिने वापरता येईल असं हत्यार ती 2005 च्या सुमाराला झाली, संगणकांची ताकद वाढल्यावर.

एवढं करूनही पीक थोडंच हाती लागतं. युरोपातल्या लोफार दुर्बिणीने 144 मेगाहर्ट्झवर उत्तर आकाशातले 44 लाखांच्या आसपास स्रोत नोंदवले. त्यातून पिळाचं खात्रीचं माप मिळालं ते अडीच हजारांहून कमी स्रोतांचं. बाकीच्यांपैकी अनेकांची दिशा उगमाजवळच, किंवा वाटेतल्या गुंतागुंतीत, विरून गेली. पण जी मापं मिळाली ती जुन्या आखूड लाटांच्या मापांपेक्षा शंभरपटीहून अधिक बारीक आहेत.

खोडदने 150 मेगाहर्ट्झवर 2010 ते 2012 या काळात आकाशाची पाहणी केली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत सहा लाखांवर स्रोत आहेत आणि आकाशाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग आला आहे. ती यादी एकूण तेजाची आहे, दिशेची नाही. त्याआधी, 2009 मध्ये, खोडदच्याच निरीक्षणांतून आकाशाच्या एका तुकड्यातल्या ध्रुवित तेजावर मर्यादा घातली गेली. विश्वातले पहिले तारे पेटले तेव्हाच्या हायड्रोजनचा मागोवा घ्यायचा होता. तो संकेत अतिशय फिका, आणि आकाशगंगेच्या ध्रुवित तेजाची पिळामुळे वारंवारतेगणिक होणारी वरखाली नेमकी त्याच्यासारखी दिसते. ध्रुवित तेज जास्वंदीसारखं भडक असतं तर शोध तिथेच अडला असता. ते आखूड लाटांवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी निघालं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. "नाही" हे उत्तर पुढच्या माणसाची वाट मोकळी करतं आणि ते मिळवायला तितकेच कष्ट लागतात.

ते कष्ट कुठे जातात? बरेचसे स्वतःचे दोष मोजण्यात. खोडदच्या तबकडीच्या नाभीशी दोन काटकोनी ग्राहक असतात. कमी वारंवारतेला त्यांचे संकेत मिसळून डावी आणि उजवी वर्तुळाकार लाट वेगळी काढतात. ही वाटणी कधीच पुरी चोख नसते. एकातलं थोडं दुसऱ्यात झिरपतं, तबकडीच्या रोखाच्या मध्यापासून दूरच्या स्रोतांसाठी अधिकच. मग ज्या स्रोताला दिशाच नाही तोही तिरपा दिसू लागतो. 2009 च्या त्या कामात एक स्पंदक, म्हणजे पल्सर, हाताशी होता. त्याचं स्पंदन ठरलेल्या वेळी येतं, म्हणून चालू आणि बंद यांतला फरक काढून यंत्राचा खोटेपणा पकडता आला.

दुसरा वैरी आपल्याच डोक्यावर. शे-दीडशे किलोमीटर उंचीपासून वर पसरलेलं आयनांबर लाटेला स्वतःचा पीळ देतं, आणि तो दिवसाला वेगळा, रात्री वेगळा, सूर्यास्ताला तर घटकेघटकेला बदलता. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतातून जातं. त्याच्या उत्तरेला आयनांबराची घनता पुन्हा फुगते आणि पुण्या-बीडचा प्रदेश त्या फुगवट्याच्या जवळ येतो. युरोपातल्या लोकांना आयनांबराचा जो त्रास होतो त्याहून आपला जास्त. जीपीएस उपग्रहांच्या संकेतांवरून इलेक्ट्रॉन मोजून तो पीळ वजा करावा लागतो.

तिसरी अडचण जमिनीवरची. विजेच्या तारेच्या सैल सांध्यावर ठिणगी उडाली की ती 150 मेगाहर्ट्झवर ढोल वाजवते. खोडदच्या संशोधकांनी दुर्बिणीच्याच नोंदींवरून असे खांब शोधले आणि हातातली अँटेना घेऊन शेताच्या बांधांवरून त्यांच्यापर्यंत पोचले. हे चित्र मला आवडतं. अब्जावधी वर्षं प्रवास केलेल्या लाटेसाठी एक जण कांद्याच्या वाफ्यांतून चालत जाऊन एक सैल सांधा हुडकतो.

2019 पर्यंत खोडदची नवी ग्राहकयंत्रणा पूर्ण झाली. आता 120 ते 1450 मेगाहर्ट्झमधले रुंद पट्टे एकेका खेपेला नोंदता येतात. रुंद पट्टा म्हणजे पीळ उकलायला लांब सुतळी. दोन मीटरपासून वीस सेंटीमीटरपर्यंतच्या लाटा एकाच यंत्राने पाहता आल्या तर दिशा कोणत्या टप्प्यावर विरते, हेही दिसतं.

विज्ञानदिनी, 28 फेब्रुवारीच्या सुमाराला, खोडदला शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते. आत जाताना मोबाइल बंद करायचा. मी पुन्हा गेलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. वारा वाढला आणि जवळच्या तबकड्या सावकाश वळत वळत थेट माथ्याकडे तोंड करून थांबल्या. त्या स्थितीत वाऱ्याचा जोर सर्वांत कमी लागतो. जाळीतून तेच आभाळ दिसत होतं. पलीकडच्या रस्त्याने मोळ्यांनी लादलेल्या बैलगाड्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. त्या फडातल्या मावशींना मी मनातल्या मनात उत्तर देऊन टाकलं: मावशी, दोर आभाळातून आलाय, आणि ही माणसं त्याचा पीळ मोजतायत.