जुन्या मोटरसायकलला एलईडी टेललाइट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडी चालवणाऱ्याला आपला टेललाइट कधीच दिसत नाही. तो असतो मागून येणाऱ्या ट्रकवाल्यासाठी, एसटीच्या ड्रायव्हरसाठी, घाटात आपल्यामागे वळण घेणाऱ्या अनोळखी माणसासाठी. त्यामुळे तो मंद झाला किंवा बंद पडला, तर ते सगळ्यात शेवटी कळतं मालकालाच. जुनी बुलेट, येझदी, आरएक्स १०० किंवा सुरुवातीची स्प्लेंडर जिवापाड सांभाळणारे बरेच जण आता मागचा दिवा एलईडी करून घेतात. विचार चांगला आहे. पण त्याभोवती ऐकीव माहिती इतकी साचली आहे की चांगली वस्तू चुकीच्या पद्धतीने बसवली जाते आणि दिवा होता त्याहून वाईट होतो. त्यातले नेहमी कानावर येणारे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज : एलईडी म्हणजे नुसती शोभा.

वस्तुस्थिती : ब्रेक दाबल्यावर साध्या बल्बची फिलामेंट तापून पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद लागतात. एलईडी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत पेटते. मागची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल, तर ०.२ सेकंदात ती सव्वातीन मीटरहून जास्त अंतर कापते. म्हणजे मागच्या माणसाला इशारा तेवढा आधी मिळतो. दुसरा फायदा टिकाऊपणाचा. एकसिलिंडर इंजिनाच्या हादऱ्यांनी फिलामेंट तुटते, एलईडीत तुटायला फिलामेंटच नसते. मात्र तिच्या आतलं सर्किट उष्णतेने आणि पाण्याने खराब होऊ शकतं, त्यामुळे ‘एकदा बसवली की बघायला नको’ हेही खरं नाही.

गैरसमज : होल्डरमध्ये बल्ब बसला की काम झालं.

वस्तुस्थिती : मागचा मूळ बल्ब काढून हातात घ्या. बऱ्याच गाड्यांत तो दोन फिलामेंटचा असतो, ५ वॅटची टेललाइटसाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. त्याच्या बाजूच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली असते. बल्ब उलटा बसून टेल आणि ब्रेकची अदलाबदल होऊ नये, म्हणून ही सोय. या बल्बचा प्रमाणित प्रकाश टेलसाठी ३५ ल्युमेन आणि ब्रेकसाठी ४४० ल्युमेन, म्हणजे बारा पटींहून अधिक. ‘पुढचा थांबतोय’ हे मागच्याला याच फरकावरून समजतं.

स्वस्तातल्या अनेक एलईडी बल्बांत नेमका हाच फरक हरवतो. टेललाइट आधीच भगभगीत असतो आणि ब्रेक दाबल्यावर त्यात जेमतेम भर पडते. शिवाय मूळ फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर असते आणि तिचा प्रकाश सगळीकडे पसरतो. ज्या एलईडी बल्बचे सगळे चिप टोकालाच असतात, तो लावला की काचेच्या मध्यावर एक ठिपका चमकतो आणि बाकीची काच काळोखी राहते. म्हणून चिप बाजूलाही असलेला बल्ब घ्यावा, किंवा आपल्याच मॉडेलच्या काचेमागे बसणारी पूर्ण एलईडी प्लेट घ्यावी.

गैरसमज : पांढरी एलईडी घ्या, ती जास्त उजेड देते.

वस्तुस्थिती : लाल काचेमागे हे उलटं होतं. पांढरी एलईडी मुळात निळी असते, तिच्यावरच्या पिवळ्या फॉस्फरमुळे प्रकाश पांढरा दिसतो. त्यात लाल रंगाचा वाटा कमी. लाल काच बाकीचे रंग अडवते आणि बाहेर येतो फिका, गुलाबीसर उजेड. साध्या बल्बच्या प्रकाशात लाल भरपूर असल्यामुळे त्याला ही अडचण येत नव्हती. लाल काचेमागे लाल एलईडीच हवी.

पण इथेच दुसरी चूक होते. अनेक जुन्या टेललाइटला खालच्या बाजूला पारदर्शक खिडकी असते आणि त्याच बल्बचा उजेड तिच्यातून नंबरप्लेटवर पडतो. लाल बल्ब लावला की नंबरप्लेटही लाल उजेडात बुडते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागच्या नंबरप्लेटवर पांढराच प्रकाश हवा आणि क्रमांक १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. त्यामुळे मागे लाल आणि खाली पांढरे चिप असलेला बल्ब घ्या, किंवा नंबरप्लेटला वेगळा छोटा पांढरा दिवा द्या.

गैरसमज : गाडी १२ व्होल्टची, बल्ब १२ व्होल्टचा, मग अडचण कसली?

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त एलईडी इथे जळतात. आपल्याकडच्या अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट आणि टेललाइट बॅटरीवर चालत नाहीत. मॅग्नेटोच्या कॉइलमधून येणाऱ्या एसी करंटवर ते थेट चालतात. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट मात्र बॅटरीच्या डीसीवर असतात. रेस दिली की हेडलाइट उजळतो आणि सोडली की मंदावतो, ते यामुळेच.

आपल्या गाडीत काय आहे, हे ओळखणं सोपं आहे. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, लाइटचा स्विच चालू करा आणि ब्रेक दाबा. ब्रेकलाइट लागला, पण टेललाइट लागला नाही आणि इंजिन चालू केल्यावरच लागला, तर तो एसीवर आहे. एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देते, त्यामुळे एसीवर ती लुकलुकते, आणि उलट्या दिशेचा दाब सतत बसून लवकर मरते. वर १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ व्होल्टच्या आसपास जातं, ते वेगळंच. उपाय दोन आहेत. एक, ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर लावून तिथल्या तिथे डीसी करून घेणं. दोन, टेललाइटची लाइन फ्यूजसह बॅटरीच्या डीसीवर घेणं. ५ वॅटचा बल्ब लहान बॅटरीला जड जातो, एक वॅटच्या आसपासची एलईडी जात नाही. ही लाइन लाइटच्या स्विचमधूनच जायला हवी.

बऱ्याच जुन्या राजदूत, येझदी आणि बुलेट ६ व्होल्टच्या आहेत. त्यांना ६ व्होल्टचीच एलईडी लागते. ट्रायम्फ, बीएसएसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं असतं, तिथे साधी एलईडी उलटी जोडली जाऊन पेटतच नाही.

गैरसमज : लोड कमी झाला, म्हणजे फायदाच झाला.

वस्तुस्थिती : टेललाइटचे चार वॅट वाचल्याने अ‍ॅव्हरेज वाढत नाही. उलट, रेग्युलेटर नसलेल्या जुन्या मॅग्नेटो लायटिंगमध्ये बल्बांचा लोडच व्होल्टेज काबूत ठेवतो. त्या गाड्यांत टेललाइटचा बल्ब उडाला की पाठोपाठ हेडलाइटचाही उडतो, हा अनुभव जुन्या मेकॅनिकना चांगला ठाऊक आहे. लोड घटला की व्होल्टेज चढतं. अशा गाडीत मागे एलईडी लावण्याआधी एसी रेग्युलेटर बसवावा. ज्यांना तो कंपनीतूनच आहे, त्यांनी तो काम करतो की नाही, हे मीटरवर पाहून घ्यावं.

गैरसमज : एलईडी लावल्यावर इंडिकेटर बिघडतात.

वस्तुस्थिती : फक्त टेललाइट बदलल्याने इंडिकेटरना काही होत नाही. इंडिकेटरही एलईडी केले, तर जुना फ्लॅशर कमी लोडमुळे भराभर उघडझाप करतो किंवा चालतच नाही. नियमाप्रमाणे मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप व्हायला हवी. त्यावर रेझिस्टर लावण्याचा सल्ला मिळतो, पण तो चांगलाच तापतो आणि जवळच्या वायरचं इन्सुलेशन खराब करू शकतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घेणं सरळ आणि सुरक्षित. स्पीडोमीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच पायलट बल्ब असेल, तर चारही इंडिकेटर एकदम लागतात. दोन डायोड घालून हा प्रश्न सुटतो.

गैरसमज : मागे कुठलाही रंग चालतो, आणि बारीक पट्टी लावली तरी पुरते.

वस्तुस्थिती : नियम स्पष्ट आहे. मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा प्रकाश दिसता कामा नये. अपवाद पिवळसर इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा आणि रिव्हर्स लाइट यांसारखे मोजकेच. निळी, जांभळी किंवा रंग बदलणारी एलईडी बेकायदा आहे आणि मागच्याची फसगत करणारीही. टेललाइट लांबूनही दिसला पाहिजे. मूळ दिवा काढून मडगार्डखाली पट्टी चिकटवताना आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे लाल रिफ्लेक्टर. पेट्रोल संपून किंवा वायर तुटून गाडी रस्त्याकडेला काळोखात उभी असते, तेव्हा तो एकटाच तिचं अस्तित्व दाखवतो. तो कधीही काढू नका.

एकूण निष्कर्ष असा : जुन्या गाडीला एलईडी टेललाइट जरूर बसवा, पण मूळ दिवा, काच आणि रिफ्लेक्टर तसेच ठेवून. आधी करंट एसी की डीसी ते तपासा, मडगार्डवरचं अर्थिंग गंज खरवडून पक्कं करा आणि मगच बल्ब विकत घ्या. बसवून झाल्यावर गाडीवर दुसऱ्याला बसवा आणि तुम्ही पन्नास पावलं मागे जाऊन उभे राहा. हाताचा आणि पायाचा ब्रेक वेगवेगळा दाबायला सांगा. एकदा भर उन्हात आणि एकदा अंधार पडल्यावर. टेल आणि ब्रेकमधला फरक दोन्ही वेळा पटकन कळला, तरच काम पूर्ण झालं असं समजा आणि मेकॅनिकचे पैसे द्या.